खारट पानांची भाजी: जागा कशी पारखायची, झाड कसं ओळखायचं, मीठ कसं उतरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्रकाठी फिरताना चिखलाच्या कडेला जाड, रसरशीत पानांची झुडपं दिसली. एक पान चावून पाहिलं, खारट लागलं, चव आवडली. मग ही झाडं खाता येतात का, कोणती घ्यायची, आणि शिजवल्यावर खारटढोण होऊ नयेत म्हणून काय करायचं? जाता जाता समुद्री शेवाळाबद्दलही तुम्ही विचारलं आहे.

खाता येतात, त्यातली बरीचशी. पण ओळख पटण्याआधी पान चावून बघितलंत, ते कृपा करून पुन्हा करू नका. "थोडंसं चाखायचं, त्रास झाला नाही तर खायचं" ही पद्धत समुद्रकाठी अजिबात चालत नाही. कॅरिबियन बेटांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. त्याचं फळ पहिल्या घासाला गोड लागतं आणि थोड्याच वेळात घसा भाजून सुजतो. पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर चीक येऊन अंगावर फोड उठतात. हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या काठांवर सर्बेरा नावाचं झाड आहे. त्याचं फळ छोट्या हिरव्या कैरीसारखं दिसतं आणि त्याच्या बीमधल्या गराने हृदय बंद पडू शकतं. खारफुटीतल्या गेवा नावाच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. यातलं काहीही जिभेला वेळेवर कळत नाही. आणि खारट लागलं म्हणजे खाण्याजोगं, असंही नाही. खारटपणा फक्त जमिनीबद्दल सांगतो, झाडात आणखी काय आहे ते सांगत नाही.

गेली पंचवीसेक वर्षं मी ही भाजी गोळा करते, शिजवते आणि इतरांना दाखवते. नवीन माणसाला मी आधी जागा बघायला लावते, झाड नंतर. खाऱ्या जमिनीतली झाडं पाण्याबरोबर जे येईल ते ओढून घेतात. याच गुणामुळे दूषित जमीन स्वच्छ करायला ती वापरता येतील का, यावर बरंच संशोधन झालं आहे. म्हणजे जे झाड जमिनीतलं शिसं आणि कॅडमियम शोषून घेऊ शकतं, तेच आपण ताटात वाढून घेणार. उकळल्याने जंतू मरतात, शिसं कुठे जात नाही. त्यामुळे बंदर, जहाजदुरुस्तीची जागा, कारखान्याचं सांडपाणी, जुना कचरा टाकून भर घातलेली जमीन, वाहत्या रस्त्याची कड, यांच्या आसपासची भाजी कितीही तजेलदार दिसली तरी माझ्यासाठी ती नाहीच.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते, कारण ती मी अजून विसरलेले नाही. खाडीकाठची कोवळी पानं आणली, धुतली, कच्चीच कोशिंबिरीत घातली. सहा जण जेवलो आणि दुसऱ्या दिवशी चौघांना जुलाब. झाड अगदी बरोबर ओळखलं होतं. पुन्हा तिथे जाऊन पाहिलं, तर वरच्या अंगाला दोनशे पावलांवर झुडपांत दडलेलं सांडपाण्याचं तोंड होतं, आणि आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाल्यामुळे ते भरून वाहत होतं. मी खाली मान घालून झाडं शोधत होते, मान वर करून आजूबाजूला पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून नवीन ठिकाणी पहिली फेरी रिकाम्या हाताने. पिशवी नाही, कात्री नाही. पाणी कुठून येतं, कुठे जातं, वर वस्ती आहे की शेती, ओहोटीला चिखलाला वास कसला येतो, हे सगळं बघायचं. मोठ्या पावसानंतर निदान चार-पाच दिवस काहीच घ्यायचं नाही.

एक खूण मात्र झाडंच देतात. ज्या काठावर उल्वा, म्हणजे सी लेट्यूस नावाचं पातळ हिरवं शेवाळ, प्रमाणाबाहेर माजलेलं असेल, तिथल्या पाण्यात नत्र जास्त आहे असं समजा. ते बहुधा खतांमधून किंवा मैलापाण्यातून आलेलं असतं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर दरवर्षी अशी हिरवी लाट येते. ते शेवाळ किनाऱ्यावर कुजलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. २००९ मध्ये तिथे अशाच कुजलेल्या थरात पाय रुतून एक घोडा मेला आणि त्याचा स्वारही बेशुद्ध पडला. २००८ मध्ये चीनच्या चिंगदाओला ऑलिंपिकच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींआधी हजारो लोक लावून अशीच हिरवी साय काढावी लागली होती. उल्वा स्वतः खाण्याजोगी आहे, हे खरं. पण ती जिथे गालिच्यासारखी पसरली आहे तिथली मी घेत नाही, आणि तिथल्या काठावरची भाजीही घेत नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात असल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं आणि तितकंच वेगाने परत येतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला हा फरक कमी असतो. भरती सुरू झाली की पहिल्या तासात पाणी हलल्यासारखंही वाटत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण भरतीतलं निम्मं पाणी चढतं. शिवाय सपाट चिखलात ते समोरून येत नाही. आधी मागच्या नाळ्या भरतात, आणि आपण पुढे वाकून खुडत असताना परतीची वाट बंद होते. मी ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी उतरते आणि पाणी सगळ्यात खाली गेलं की परत फिरते, पिशवी भरलेली असो वा नसो.

आता झाडं. पहिलं वर्ष एकाच झाडाला द्या. मी सॅलिकॉर्निया सुचवते. बाजारात तिला समुद्री शतावरी किंवा सॅम्फायर म्हणतात. तिला पानं नाहीतच असं वाटतं. हिरव्या, रसाळ, सांधे असलेल्या काड्या, प्रत्येक सांध्यातून समोरासमोर फुटलेल्या फांद्या, जणू मणी ओवलेत. भरतीचं पाणी जिथे रोज येऊन जातं त्या उघड्या चिखलात ती सगळ्यांच्या आधी उगवते. फुलं इतकी बारीक की भिंग लावून सांध्यात शोधावी लागतात, तीन-तीनच्या गटात रुतून बसलेली. कोवळी असताना काडी नखाने टचकन तुटते. फुलोरा आला की आत तारेसारखा कडक दोरा तयार होतो, आणि हंगाम संपताना झाड लालसर होतं. लाल झालेली घेऊ नका, तिला बी धरू द्या. बहुतेक जाती एकाच वर्षाच्या असतात. यंदाचं बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे चिखलच राहील.

समुद्रकाठी तिच्यासारखी दिसणारी बाकीची झुडपं बहुतेक तिच्याच कुळातली, फार तर चिवट. पण मध्य आशियाच्या खाऱ्या वाळवंटांत अशाच सांध्यांच्या काड्या असलेलं अॅनाबॅसिस अफायला नावाचं झाड आहे. त्यातल्या अॅनाबॅसीन या विषापासून एके काळी कीटकनाशक बनवत. म्हणून "सांधे आहेत, खारट आहे, म्हणजे सॅलिकॉर्निया" एवढ्यावर थांबू नका. ती कुठे उगवली आहे हेही ओळखीचाच भाग आहे. भरतीचं पाणी पोचतं तिथली सॅलिकॉर्निया, आणि आत कोरड्या खाऱ्या माळावर दिसलेलं तसंच झाड म्हणजे अनोळखी झाड.

तुम्ही वर्णन केलेली "जाड पानांची, जमिनीवर पसरलेली, लालसर देठांची" वेल मला सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम वाटते. उष्ण प्रदेशातल्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्यांवर ती असते. पण माझ्या वाटण्यावर जेवू नका, स्वतः बघा. पानं समोरासमोर, जोडीतली दोन्ही साधारण सारखी, लांबट, बोटांत दाबली तर भरीव. पानांचे तळ देठाला मिठी मारल्यासारखे. देठ जमिनीला टेकतो तिथे पेरातून मुळं फुटलेली. फूल निश्चित खूण देतं: पानाच्या बगलेत एकेकटं, छोट्या दांड्यावर, गुलाबी-जांभळं, चांदणीसारखं पाच टोकांचं, मधे पुंकेसरांचा झुबका. ते उलटं करून बघा. प्रत्येक पाकळीसारख्या भागाची मागची बाजू हिरवी असते आणि टोकाच्या जरा खाली बारीकशी शिंगासारखी नोक असते. फूल नसेल तर थांबा, येईपर्यंत चक्कर मारत राहा. मी एका जागेच्या बाबतीत दोन महिने थांबले होते.

घोळ याहून वेगळी. तिची पानं चमच्यासारखी, फूल पिवळं, आणि ती काठावरच्या कोरड्या, वाळूमिश्रित जमिनीतही येते. घोळ खुडताना एक चाचणी प्रत्येक काडीला करायची: देठ मोडून बघायचा. पाण्यासारखा स्वच्छ रस आला तर ठीक. पांढरं दूध आलं तर ती घोळ नाही, युफोर्बिया, म्हणजे विषारी चिकाचं झाड आहे. दोन्ही एकमेकांत गुंतून, जमिनीला चिकटून वाढतात आणि मूठभर खुडताना दोन काड्या सहज आत जातात. हाच नियम थोडा रुंद करून घेतलात तरी चालेल. किनाऱ्यावरच्या दुधाळ चिकाच्या कुठल्याही झाडाला, मर्यादवेलीसकट, भाजी समजू नका.

मोरस, म्हणजे सुएडा, ही तिसरी. सुईसारखी मऊ पानं, वरून जरा सपाट, खालून गोल. कोवळे शेंडे चांगले, पण मीठ भयंकर. थंड हवेच्या किनाऱ्यांवर समुद्री बीट मिळतं. आपण खातो ते बीट, पालेदार चार्ड आणि साखरेचं बीट या सगळ्यांचा तो रानटी पूर्वज. पानं जाड, चकचकीत, पालकापेक्षा चवदार, आणि एकदा ओळखलं की सगळ्यात भरवशाची भाजी. न्यूझीलंडचा पालक, टेट्रागोनिया, कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९-७० च्या सुमारास, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने गोळा केला आणि मग तो युरोपातल्या बागांत पोचला. जहाजावरच्या माणसांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून कुक जिथे नांगर टाकी तिथे काठावरची हिरवी पानं गोळा करायला लावी. महिनोन्महिने खारवलेलं मांस आणि सुकी बिस्किटं खाणाऱ्या माणसांना किनाऱ्यावरच्या त्या पानांतून क जीवनसत्त्व मिळे.

नावांचा गोंधळ फार आहे, हे लक्षात ठेवा. इंग्रजीत सॅम्फायर म्हणून दोन वेगळी झाडं आहेत: चिखलातली सॅलिकॉर्निया आणि कड्यांवर वाढणारं क्रिथमम. दुसरं गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं. त्याच कुळात ओनँथे क्रोकाटा आहे, पश्चिम युरोपातल्या ओढ्यांकाठी आणि ते समुद्राला मिळतात तिथेही वाढणारं. त्याचे कंद पांढरे, जाडजूड, खाण्याजोगे दिसतात, आणि खाणारा काही तासांत झटके येऊन मरू शकतो. म्हणून छत्रीसारखा फुलोरा असलेल्या कुठल्याही झाडाला पहिली दोन-तीन वर्षं हात लावू नका. बोलीतल्या नावावर भरवसा ठेवायचा नाही, शास्त्रीय नाव पाठ करायचं. शक्य असेल तर त्या किनाऱ्याच्या वनस्पती माहीत असलेल्या माणसाकडून पहिल्या वेळी प्रत्यक्ष दाखवून घ्या. फोटोवरून ओळखणारी अॅप मी वापरते, पण शोध सुरू करायला. खायचं की नाही, हे त्यांच्यावर सोडत नाही.

खुडताना कात्री वापरा, ओढू नका. वरचे चार-पाच बोटं लांबीचे शेंडे, एका झाडाचा फार तर तिसरा हिस्सा, आणि एकाच ठिकाणचं सगळं नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे. अनेक देशांत खारफुटी आणि खाऱ्या दलदलींना वेगळं संरक्षण आहे. तुमच्या किनाऱ्याचा नियम आधी विचारून घ्या. वाळूच्या टेकड्यांवरचं तर काहीच घेऊ नका. ती मुळं वाळू धरून ठेवतात. एकदा उघडी पडलेली वाळू वाऱ्याने सरकायला लागली की पुन्हा बसायला वर्षं जातात.

आता स्वयंपाकघर. तुमची खरी अडचण मिठाची आहे, आणि तिचं उत्तर झाडाच्या आत काय चाललं आहे त्यात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा जमिनीतून पाणी ओढायचं तर झाडाला स्वतःच्या आत मीठ धरावंच लागतं. पण मीठ पेशीच्या कामात अडथळा आणतं, म्हणून ते पेशीतल्या एका मोठ्या पाणपिशवीत कोंडून ठेवलेलं असतं. पान जाड असतं ते त्यामुळेच: भरपूर पाणी साठवून मीठ सौम्य ठेवायचं. ही पिशवी जिवंत पेशीत घट्ट बंद असते. म्हणून पानं रात्रभर गार पाण्यात भिजत घातली तरी खारटपणा फारसा उतरत नाही. बरेच जण तेच करतात आणि मग निराश होतात. उष्णतेने मात्र पेशींचे पडदे फाटतात आणि मीठ पाण्यात येतं. म्हणजे भिजवणं नाही, उकळणं. झाकण न ठेवता, भरपूर पाण्यात.

माझं प्रमाण असं. २०० ग्रॅम भाजीला निदान दोन लिटर पाणी, मीठ न घालता. पाणी खळखळ उकळल्यावरच भाजी टाकायची. कोवळ्या सॅलिकॉर्नियाला दीड-दोन मिनिटं पुरतात. सेसुव्हियमची पानं देठांपासून वेगळी करून तीन-चार मिनिटं उकळायची, ते पाणी फेकायचं आणि पुन्हा नव्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं. मोरसेलाही दोन पाणी, आणि नंतर मुठीत धरून घट्ट पिळायची. लगेच गार पाण्यात बुडवली की रंग टिकतो. मग एक पान चाखा. या टप्प्यावर ते "नीट मीठ घातलेल्या भाजीसारखं" लागलं पाहिजे. त्याहून खारट असेल तर आणखी एक पाणी. सतत चाखत राहणं यात महत्त्वाचं, कारण एकाच जागेवरची भाजी पावसानंतर सौम्य असते आणि कोरड्या दिवसांत तिखट खारट. कुणाच्याही पाककृतीतली मिनिटं, माझीही, तुमच्या काठाला तंतोतंत लागू पडणार नाहीत.

पहिलं पाणी टाकून द्यायचं आणखी एक कारण आहे. सेसुव्हियम, मोरस, घोळ, समुद्री बीट, टेट्रागोनिया, सगळ्यांत ऑक्झॅलेट बऱ्यापैकी असतं. त्यातला विरघळणारा भाग उकळत्या पाण्यात उतरतो. त्या पाण्यात "सत्त्व आहे" म्हणून ते रशात घालू नका. मूतखड्याचा त्रास असेल तर ही भाजी कमीच खा, किंवा टाळा.

उकडलेली सॅलिकॉर्निया जून निघाली तर फेकायची गरज नाही. काडीचं बूड चिमटीत धरायचं, दात हलके मिटायचे आणि ओढायची. गर तोंडात राहतो, दोरा हातात येतो. पाहुण्यांसमोर चालत नसेल तर उकडल्यावर चाकूच्या बोथट कडेने तसाच गर ओरबाडून काढा. याची चटणीसारखी वाटलेली गोळी उकडलेल्या बटाट्यावर फार छान लागते.

पुढचा नियम एकच: ताटातल्या बाकी कशातही मीठ नाही. भाजी हेच मीठ. एक वाटी उकडून पिळलेल्या भाजीला तीन वाट्या अळणी सोबत लागते. बटाटा, भात, डाळ, अंडं, पांढऱ्या मांसाचा मासा, काहीही. तेलात ठेचलेला लसूण मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायचा, अळणी उकडलेले बटाटे परतायचे, कडा खरपूस झाल्या की भाजी घालून जेमतेम एक मिनिट हलवायची. लिंबू गॅस बंद केल्यावर, ताटात. आधी पिळलं तर आंबट रसाने हरितद्रव्य बदलतं आणि हिरवी भाजी मळकट होते. रंग राखायला काही जण उकळताना सोडा घालतात. रंग येतो खरा, पण काडीचा कुरकुरीतपणा जातो आणि सोड्याबरोबर सोडियम आणखी वाढतं. मी घालत नाही. डाळीत घालायची तर डाळ पूर्ण शिजल्यावर, शेवटच्या उकळीला.

सोड्याचा आणि या झाडांचा जुना संबंध आहे, तोही सांगते. खारी झाडं जाळली की राखेत सोडियम कार्बोनेट मिळतं. स्पेनच्या किनाऱ्यावर ती राख काच आणि साबण बनवण्यासाठी तयार केली जाई. आपल्या भाषेतला सज्जीखारही मुळात अशा झाडांच्या राखेचाच. १७९१ मध्ये फ्रान्सच्या निकोला लब्लांने साध्या मिठापासून सोडा करायची पद्धत काढली आणि राखेचा धंदा हळूहळू बसला. सॅलिकॉर्नियाला इंग्रजीत "काचेची वनस्पती" म्हणतात ते यामुळे. काच बनवण्याइतका क्षार ज्या काडीत आहे ती सपक डाळीत चिमूटभर कशी पुरते, हे एकदा कळलं की हात आपोआप आखडतो.

लोणचं घालायचं असेल तर एक चूक टाळा. भाजी खारट आहे म्हणून ती आपोआप टिकेल असं नाही. टिकवण्यासाठी तिच्यातलं मीठ पुरेसं नसतं, काम आंबटपणा करतो. पाच टक्के अॅसिटिक आम्लाचं व्हिनेगर पाणी न घालता वापरा, वरून मीठ नको, बरणी फ्रिजमध्ये. सॅलिकॉर्निया पूर्ण वाळवून दळली की हिरवट मीठ तयार होतं. छान लागतं, पण तेही सोडियमच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला सांगितलेली मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. रक्तदाब असलेल्याने "नैसर्गिक" म्हणून हे मीठ जास्त घ्यायचं कारण नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरीन घेणाऱ्यांनी कुठलीही नवीन पालेभाजी नियमित सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणलेली भाजी लगेच धुऊ नका. ओल्या कापडात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की पाच-सहा दिवस ताजी राहते. धुऊन ठेवली तर दोन दिवसांत बुळबुळीत होते.

आता शेवाळ. मी ते खाते, पण तुम्हाला पहिल्या वर्षी नको म्हणेन. १९९१ मध्ये ग्वाम बेटावर ग्रासिलारिया जातीचं शेवाळ खाऊन तेरा जण आजारी पडले आणि त्यातले तीन दगावले. हे शेवाळ तिथले लोक आधीपासून खात होते. ओळखण्यात चूक नव्हती. त्या वेळी त्या शेवाळात विष होतं, आणि ते बघून कुणाला कळण्याजोगं नव्हतं. जमिनीवरच्या झाडाच्या बाबतीत "ओळखलं म्हणजे झालं" हे बऱ्याच अंशी खरं असतं, पाण्यातल्या शेवाळाच्या बाबतीत तसं नाही. म्हणून नियम कडक ठेवा. खडकाला घट्ट धरलेलंच घ्यायचं, वाहून आलेलं कधीच नाही. वर दुसरी केसाळ किंवा बुळबुळीत वाढ असेल तर सोडून द्यायचं. पाण्याला लाल-तपकिरी रंग चढला असेल तर त्या काठावर काहीच नाही. आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाणारी माणसं कुठल्या महिन्यात थांबतात ते विचारून तेव्हा आपणही थांबायचं. कापताना बूड खडकाला राहू द्या, तिथूनच ते पुन्हा वाढतं.

थंड पाण्यात डेस्मारेस्टिया नावाचं तपकिरी शेवाळ असतं. त्याच्या पेशींत गंधकाम्ल असतं. बादलीत त्याची एक फांदी गेली तर तासाभरात बाकी सगळ्या शेवाळाचा लगदा होतो. हिजिकी नावाच्या शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला. आणि केल्प किंवा कोंबू वर्गातल्या मोठ्या तपकिरी शेवाळात आयोडीन अतोनात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, एका ग्रॅम वाळलेल्या कोंबूत त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त असू शकतं. बरंचसं उकळत्या पाण्यात उतरतं, म्हणून तेही पाणी टाकून द्यावं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे शेवाळ न खाणंच बरं.

तुम्हाला चव आवडली आहे आणि जागेची खात्री नाही, तर माझा सल्ला सरळ आहे: घरी लावा. सेसुव्हियमची बोटभर काडी, दोन पेरं मातीत आणि दोन वर, वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत खोचा. पेरातून मुळं फुटतात, तीन-चार आठवड्यांत नवे शेंडे येतात. भरपूर ऊन हवं, बुडाला पाणी साचू द्यायचं नाही. तिला खारं पाणी लागतंच असं नाही. साध्या पाण्यावर ती आनंदाने वाढते आणि पानं बरीच सौम्य होतात. थोडी खारट हवी असतील तर खुडण्याआधीचे आठ-दहा दिवस लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते घाला. पानं आखूड आणि जाड होतात, देठ लाल होतात. या कुंडीतली भाजी कच्ची खायलाही मला भीती वाटत नाही. आणि ती रोज डोळ्यासमोर असली की पानांची जोडी, पेरातली मुळं, फुलामागची ती बारीक नोक इतकी ओळखीची होते की पुढच्या वेळी काठावर गेलात तर चावून बघावंसं वाटणारच नाही.